शिक्षिकेनं नेतृत्वाकडे वळायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय, पुण्यातल्या अनुदानित शाळेत सात वर्षं शिकवतेय, वर्गातली ठरावीकच मुलं पुढे जातात हे बघवत नाही, म्हणून आता शाळा चालवण्याच्या कामाकडे वळायचंय. मग एम.एड. करू, एमपीएससी देऊ, की एखाद्या सामाजिक संस्थेत जाऊ?

पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी बावीस वर्षं आहे. आधी शिक्षिका, मग पर्यवेक्षिका, आता मुख्याध्यापिका. माझं मत विचाराल तर शाळा सोडू नका, आधी मुख्याध्यापक व्हा.

पर्यवेक्षिका झाले तेव्हा एनएमएमएसचं, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीचं काम माझ्याकडे आलं. आठवीत ही परीक्षा होते, निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. सातवीत ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ५०) आणि पालकांचं उत्पन्न मर्यादेत हवं. ती मर्यादा आता साडेतीन लाख आहे. सातवीचा निकाल समोर घेऊन बसले, तर ३४ मुलं पात्र होती आणि फॉर्म आले होते ११. राहिलेल्या तेवीस जणांना एकेक करून बोलावलं. अभ्यास झेपणार नाही असं फार थोडे म्हणाले. एक मुलगी बराच वेळ ओढणीचं टोक पिळत उभी राहिली, मग म्हणाली, "मॅडम, आईला खाडा पडतो."

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दोन-तीन खेपा होतात. कोथरूडला चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला तेवढे खाडे परवडत नाहीत, एखादं घर सुटतं. आणि आम्ही शिक्षक स्टाफरूममध्ये म्हणत होतो की या पालकांना मुलांचं काही पडलेलं नाही. मीही म्हटलं होतं. ते अजून टोचतं.

मग एका रविवारी शाळा उघडली, जवळच्या महा ई-सेवा केंद्राच्या माणसाला तिथेच बसवलं आणि घरोघरी निरोप धाडला, रेशनकार्ड, आधार, फोटो घेऊन या. त्या वर्षी २९ फॉर्म गेले. निवड झालेल्या पाच जणांपैकी तिघं त्या तेविसांतले होते.

या मुलांचं अडलं होतं ते कागदावर, आणि वर्गात शिकवताना मला ते कधी दिसलं नसतं. रविवारी शाळा उघडणं, कारकुनाला बोलावणं, शिकवण्याचे तास बदलणं हे सगळं मुख्याध्यापकाच्या अखत्यारीत येतं. शिक्षण खात्यात साहेब झाल्यावर हेच काम तक्त्यातला एक आकडा होऊन समोर येतं.

आता वाटा. माध्यमिकच्या मुख्याध्यापकपदासाठी १९८१ च्या खासगी शाळा सेवाशर्ती नियमावलीनुसार पदवी, बी.एड. आणि पदवीनंतरचा किमान पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो, त्यातली दोन वर्षं बी.एड. नंतरची. पुढे सेवाज्येष्ठता बघतात, त्यामुळे ज्येष्ठता यादीतलं आपलं नाव दरवर्षी तपासून सही करा, चूक वेळीच हरकत घेऊनच दुरुस्त होते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका नोकरी सांभाळून करता येते, ती जरूर करा. पहिली ते आठवीला शिकवत असाल तर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) टाळू नका. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बढतीसाठीही ती लागते.

एमपीएससीतून उपशिक्षणाधिकारी होता येतं. तो रस्ता चांगलाच आहे, पण तयारीत वर्षं जातात आणि तेवढा काळ मुलांपासून लांब राहावं लागतं. संस्थांचं म्हणाल तर पुण्यात त्या भरपूर आहेत, शिक्षण आयुक्तालय आणि एससीईआरटी (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) हीसुद्धा इथेच आहेत. सामाजिक संस्थांत शिकायला खूप मिळतं, मात्र प्रकल्पाचा निधी संपला की माणसं हलतात. मुख्याध्यापक पाचवीतल्या मुलीला दहावीपर्यंत बघतो.

पदाची वाट बघत बसू नका. उद्याच तुमच्या मुख्याध्यापकांकडे शिष्यवृत्त्यांचं काम मागा. ते सहसा कोणालाच नको असतं, तुम्हाला लगेच मिळेल. मग पात्र मुलांची यादी आणि आलेल्या फॉर्मची यादी शेजारी शेजारी ठेवा, आणि जी नावं फक्त पात्र मुलांच्या यादीत असतील त्यांच्या घरी जाऊन या.