मधली कवटी सापडली, तर?

प्रश्न : आयर्विन पुलावर रोज संध्याकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत एक ज्येष्ठ स्नेही आहेत. माणूस देवाने आज आहे तसाच घडवला, असे ते ठामपणे मानतात. मानवी उत्क्रांतीचा आणखी एखादा भक्कम पुरावा निघाला, तर त्यांच्यासारख्यांचे म्हणणे काय असेल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आजवर जे होते, बहुधा तेच. डच शरीररचनाशास्त्रज्ञ युजीन दुब्वा यांना १८९१ मध्ये जावा बेटावर ट्रिनिल येथे माणूस आणि वानर यांच्या मधला वाटणारा कवटीचा वरचा भाग मिळाला. निर्मितीवाद्यांपैकी, म्हणजे माणूस देवाने थेट घडवला असे मानणाऱ्यांपैकी, काहींनी तो निव्वळ वानराचा ठरवला, तर काहींनी पुरता माणसाचा. मधला म्हणायला मात्र त्यांच्यातले कोणी राजी झाले नाही. माणूस आणि वानर यांच्यातली सीमा इतकी स्वच्छ असेल, तर कवटी कोणत्या बाजूची यावर त्यांचेच एकमत का होऊ नये?

दुसरा पवित्रा आपल्याला पुराच्या दिवसांत सहज समजेल. दुपारी पुलापाशी पाणी अडतीस फूट होते आणि रात्री बेचाळीस, तर मध्ये ते चाळीस फुटांची इशारा पातळी ओलांडून गेले, हे सांगलीत कोणाला पटवावे लागत नाही. कवट्यांच्या बाबतीत मात्र मधली नोंद दाखवली, की तिच्या अलीकडची आणि पलीकडची अशा दोन नोंदी मागितल्या जातात. पुरावा वाढला, की रिकाम्या जागाही वाढल्या!

गुणसूत्रांचा पुरावा अधिक अडचणीचा आहे. चिंपांझीत ती ४८ असतात, आपल्यात ४६. आपल्या दुसऱ्या गुणसूत्राच्या मधोमध, एरवी टोकांना आढळणारी रचना सापडते, म्हणजे चिंपांझीत वेगवेगळी असलेली दोन गुणसूत्रे तेथे टोकाला टोक जुळून एक झाली आहेत. यावर काही निर्मितीवादी असा जोड झालाच नाही म्हणतात. काही तो मान्य करून, माणूस घडवल्यानंतर झाला असे सांगतात.

आपले स्नेही कदाचित यातले काहीच म्हणणार नाहीत. ‘मत्स्य, कूर्म, वराह, हे आमच्याकडे आधीच सांगितले आहे,’ एवढे बोलून ते पुढे चालू लागतील. हा प्रतिसाद नकारापेक्षा सौम्य आहे, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड जाते. तरीही त्यांना एक विचारून पाहावे : वराहाच्या वंशात पुढे नरसिंह जन्मला, असे कोणत्या पुराणात आहे?