चारशे पत्रिका वाटून झाल्यात, आता मी काय करू?

"ताई, १४ मे २०२१ ला, अक्षय्यतृतीयेला माझं लग्न आहे. सांगलीजवळचं गाव आमचं. चारशे पत्रिका वाटल्या आणि मग कोरोनामुळं लग्नाला २५च माणसं असा नियम आला. चुलते म्हणतात मळ्यात मांडव घालू, उघड्यावर कोरोना होत नाही आणि पोलीस तिकडं फिरकत नाहीत. वडिलांना, म्हणजे अण्णांना ते पटलंय. मी नको म्हटल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीयेत. घरात ७८ वर्षांची आजी आहे. मी हट्टीपणा करतेय का?"

अगं अजिबात नाही. तुझंच बरोबर आहे आणि मागं हटू नकोस.

उघड्यावर धोका बंद हॉलपेक्षा कमी असतो, चुलत्यांचं एवढं खरंय. पण लग्नात लोक लांब लांब उभे राहतात का? फेटे बांधणारा एकच माणूस असतो, तो पन्नास जणांच्या तोंडासमोर हातभर अंतरावर उभा राहून एकेकाला फेटा बांधणार, हळदीला बायका एकमेकींच्या गालाला हात लावणार, बेंजोच्या आवाजात कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय ऐकू येणार नाही आणि पंगतीत तर कुणाच्याच तोंडावर मास्क नसणार. शिवाय ताप यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस व्हायरस पसरवत असतो, त्यामुळं आजारी माणसाला बोलवणारच नाही या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मेन राज्यात एक लग्न झालं, पाहुणे फक्त ५५. त्यातून १७७ जणांना लागण झाली आणि ७ माणसं गेली. त्या सातांपैकी एकही जण त्या लग्नाला गेला नव्हता गं. मला सगळ्यात जास्त भीती ह्याचीच वाटते, जेवून जाणारा ठणठणीत राहील आणि त्याच्या घरातली म्हातारी जाईल. आणि आत्ता, एप्रिलच्या शेवटाला, ऑक्सिजनचा बेड मिळवायला लोक रात्र-रात्र फिरतायत हे तू बघतेच आहेस.

पण अण्णांपुढं हे आकडे ठेवून उपयोग नाही. त्यांचं दुखणं वेगळं आहे. आजवर ते सगळ्यांच्या दारात जेवलेत, आहेर घेतलाय, आता आपली वेळ आली तर चार माणसांना पान वाढता येत नाही ह्याची त्यांना लाज वाटतेय, आणि मुलीकडचे म्हणून व्याह्यांपुढं कमी पडायची धास्ती. म्हणून आधी तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला सांग, त्याच्या वडिलांनी स्वतः अण्णांना फोन करून म्हणावं की आम्ही दहाच माणसं घेऊन येतो, आम्हालाच गर्दी नको. तुझ्या शंभर शब्दांपेक्षा व्याह्यांच्या एका शब्दाला वजन आहे.

अण्णा माळकरी असतील तर हेही बोल, गेल्या वर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, वारकऱ्यांनी घरात बसून आषाढी केली. एवढी शेकडो वर्षांची वारी थांबू शकते तर आपल्या पंगतीचं काय.

आणि गावजेवण रद्द नाही करायचं, पुढं ढकलायचं. जागरण-गोंधळ नंतर करतातच की, तेव्हा सगळ्यांना बोलवा. तोवर अण्णांनी स्वतः घरटी फोन करावा, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून मोकळं होऊ नये, लोक नाराज होतात ते त्याच्यामुळं. आचाऱ्याला, मांडववाल्याला दिलेला इसार परत मागू नका, नंतरच्या जेवणाचं काम त्यांनाच देऊ म्हणा. वर्षभर त्यांचं काम बुडालंय बिचाऱ्यांचं.

एवढं करूनही ऐकलं नाहीत तर स्पष्ट सांग की चारशे माणसांच्या मांडवात मी उभी राहणार नाही. शांतपणे सांग, सगळ्यांसमोर नको, अण्णा एकटे असताना. लग्नाला दोन तासांची मर्यादा आणि नियम मोडला तर ५० हजार दंड हेही तेव्हाच कानावर घाल.

लग्न अंगणातच करा, हॉल नको. भटजी त्या दिवशी अजून कुठं-कुठं लग्नं लावून येणार आहेत ते आधी विचारा, मास्क काढू देऊ नका, लांब बसवा. आजीला ओसरीवर खुर्ची टाका आणि पाया पडायची रांग लावू नका, तूसुद्धा लांबूनच नमस्कार कर. तिचा कोरोना लशीचा पहिला डोस मार्चमध्ये झाला असेल तर दुसऱ्याची तारीख नेमकी ह्याच गडबडीत येईल, तेवढी बघून ठेव.