वाचन भरपूर, पण घरचे म्हणतात ‘कोरडा झाला’: करुणा शिकता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नागपूरचे, धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, वाचन दांडगं, कर्मकांडावर कोणी बोललं तर पाच मिनिटांत त्याला गप्प करता. पण घरचे म्हणतात, पोट्टा हुशार झाला, पण कोरडा झाला. तर प्रज्ञा, म्हणजे समज, असताना करुणेची वेगळी गरज काय, ती शिकता येते का, आणि यंदा दीक्षाभूमीवर सेवा द्यायची तर काय करावं?

शिकता येते. तिला क्रम आहे, सराव आहे आणि त्यात होणाऱ्या चुकाही ठरलेल्या आहेत.

आधी गरज काय ते. मे १९५६ मध्ये, म्हणजे धम्मदीक्षेच्या पाच महिने आधी, बीबीसीवरच्या भाषणात बाबासाहेबांनी बौद्ध धम्म का आवडतो ते सांगितलं. कारण एकच दिलं: हा धम्म प्रज्ञा, करुणा आणि समता ही तिन्ही एकत्र देतो. जोर ‘एकत्र’वर आहे. प्रतिज्ञांमध्येही प्रज्ञा, शील आणि करुणा यांची सांगड घालून जगण्याची प्रतिज्ञा आहेच, ती तुम्हाला पाठ असणार. प्रज्ञा ही तलवारीसारखी आहे, शीलवान माणसाच्या हातात ती कोणाला वाचवेल आणि शील नसलेल्याच्या हातात कोणाचा जीव घेईल, हेही त्यांचंच म्हणणं. तुमच्याकडे तलवार आहे. खरं तर तीही अर्धीच म्हणेन. समोरच्याला निरुत्तर केल्यावर त्याचं पुढे काय होतं हे दिसत नसेल, तर ती समजेतलीच उणीव आहे.

उदाहरण आपल्याच वस्त्यांमधलं घेऊ. घर बौद्ध, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, पण आजीने डब्यात एक जुना टाक जपून ठेवलेला असतो आणि सणावाराला ती गुपचूप त्याच्यापुढे दिवा लावते. शिकलेला नातू ते पाहतो आणि चारचौघांत म्हणतो, “आजी, अजून हे दगडधोंडे पुजून राहिली का?” वाक्य तर्काला धरून आहे. परिणाम काय? टाक जात नाही, फक्त डबा आणखी आतल्या कप्प्यात जातो आणि आजी नातवाशी मनातलं बोलणं बंद करते. त्याऐवजी एकटी असताना विचारलं, “आजी, हा कोणाचा गं? तुझ्या माहेरचा का?” तर बहुतेक वेळा निघतं ते असं: एखादं मूल गेलं होतं, तेव्हा केलेला नवस, त्याची भीती अजून पोटात आहे. आता तुम्हाला कळलं की मुद्दा देवाचा नसून भीतीचा आहे. भीतीवर बोलता येतं. तिला विहारात सोबत नेता येतं, तिची बीपीची गोळी वेळेवर देता येते. टाकाचं पुढे काय करायचं ते तिचं ती ठरवेल.

बोलण्यासाठी बुद्धांनी पाच अटी दिल्या आहेत, अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात आहेत: वेळेवर बोलणं, खरं बोलणं, मृदू बोलणं, हिताचं बोलणं आणि मैत्रीच्या चित्ताने बोलणं. वाद जिंकणारे लोक दुसरी अट पाळतात आणि बाकीच्या चार सोडून देतात. खरं आणि हिताचं पण कटू असेल तर बुद्ध ते बोलत, पण योग्य वेळ पाहून. त्यामुळे ‘गोड बोला’ एवढाच याचा अर्थ नाही. वेळ चुकली तर खरं वाक्यही वाया जातं, आणि चारचौघांत केलेली दुरुस्ती जवळपास नेहमीच चुकीच्या वेळची असते.

आता दुसरी बाजू, कारण करुणाही बिघडते. पाचव्या शतकातले आचार्य बुद्धघोष विसुद्धिमग्ग या ग्रंथात मैत्री, करुणा अशा प्रत्येक भावनेचे दोन शत्रू सांगतात, एक लांबचा आणि एक जवळचा. करुणेचा लांबचा शत्रू क्रूरता, तो सहज ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे शोक, दुसऱ्याच्या दुःखाने आपणच कोलमडणं. तो करुणेसारखाच दिसतो, म्हणून फसवतो. मैत्रीचा जवळचा शत्रू आसक्ती, आणि उपेक्षेचा, म्हणजे समतोल चित्ताचा, जवळचा शत्रू अज्ञानातून आलेली बेफिकिरी. तुमच्या घरचे ज्याला कोरडेपणा म्हणतात तो बहुधा हाच शेवटचा असावा.

शोक आणि करुणा यांतला फरक पाहायचा तर मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेज रुग्णालयाच्या, वॉर्डाबाहेर पाहावा. गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाटकडून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक व्हरांड्यात चादर टाकून राहतात. ओळखीचं कोणी भरती असेल तर लोक भेटायला येतात, रडतात, ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात आणि जातात. रुग्णाजवळ राहिलेल्या बाईला रडणाऱ्याचीच समजूत काढावी लागते. शिवाय ‘काही लागलं तर’ याला खेड्यातला माणूस संकोचाने ‘काही नाही जी’ असंच उत्तर देणार. म्हणून नेमकं विचारा. “मावशी, आज रात्री मी थांबतो, तुम्ही आमच्या घरी जाऊन आंघोळ करून या, चालेल का?” चार्जर, प्लास्टिकची बादली, सुट्टे पैसे, जाड चादर, औषधाच्या चिठ्ठीची आणि आधार कार्डाची झेरॉक्स, एवढ्यावर त्यांचे दोन दिवस सोपे होतात. डॉक्टरांनी काय सांगितलं ते कागदावर मराठीत लिहून देणं हे तर वाचन असलेल्या माणसालाच चांगलं जमतं, म्हणजे हे काम तुमचं. आपले उपचार मात्र सुचवू नका.

सरावाचं सांगतो. मैत्रीभावनेसाठी, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याच्या ध्यानासाठी, रोज २० मिनिटं पुरतात, सकाळी, रिकाम्या किंवा हलक्या पोटी, पाठ ताठ ठेवून. पाच टप्पे, प्रत्येकी चार मिनिटं: स्वतः, जवळचा मित्र, ज्याच्याशी ना देणं ना घेणं असा माणूस, ज्याच्याशी पटत नाही तो, आणि शेवटी हे चौघं सारखेच धरून पुढे सगळे प्राणी. मनात साधं वाक्य धरायचं: ‘वैर नसो, त्रास नसो, सुखाने राहो.’ तिसऱ्या टप्प्याला रोज दिसणारा पण नाव माहीत नसलेला माणूस घ्या, सिग्नलवर फुगे विकणारा किंवा तुमच्या बसचा कंडक्टर. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक उरकतात. माझ्या मते कोरड्या माणसाला सर्वांत जास्त फायदा इथेच होतो, कारण ज्याच्याकडे आपण कधी पाहिलंच नाही त्याच्याकडे इथे पाहावं लागतं.

चुका कुठे होतात? सुरुवातच वैऱ्यापासून केली की २० मिनिटं त्याच्याशी मनातल्या मनात भांडण्यात जातात. फार लाडक्या माणसापासून केली तर काळजी आणि रडू येतं. जिच्यावर मन आहे अशी व्यक्ती घेतली तर मैत्रीच्या जागी ओढ उभी राहते. मृत व्यक्ती घेऊ नये असंही बुद्धघोष बजावतात, त्याने चित्त स्थिरावत नाही. करुणाभावना वेगळी करायची असेल तर तिची सुरुवात प्रत्यक्ष हालअपेष्टेत असलेल्या माणसापासून होते. आणि मन भरून आलं नाही म्हणून सराव फसला असं समजू नका. वाक्य धरलं, मन भटकलं, परत आणलं, एवढंच त्या दिवसाचं काम. उलट ‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’ (सगळे प्राणी सुखी होवोत) एका दमात म्हणून टाकण्याची आपल्याला जी सवय आहे, ती इथे आड येते. ओळ म्हणा आणि एक श्वास थांबा.

चौथ्या टप्प्यात राग उसळला तर मागे फिरा, मित्रावर किंवा त्या अनोळखी माणसावर थोडं थांबून पुन्हा या. तरी जमत नसेल तर त्या माणसाच्या वागण्यातली किंवा बोलण्यातली एखादी बरी गोष्ट शोधायची. काहीच सापडलं नाही तर त्याची कीव करा, असं वागून तो स्वतःचंच किती वाईट करून घेतो आहे म्हणून. आणि सगळे उपाय थकल्यावरचा उपाय तर अगदी व्यवहारी आहे: त्याला काहीतरी द्या, किंवा त्याच्याकडून काहीतरी घ्या. काकाशी पाच वर्षं अबोला असेल तर त्याच्याकडे शिडी मागायला जा.

बुद्धघोषांची एक कसोटी मला फार आवडते. तुम्ही, तुमचा मित्र, अनोळखी माणूस आणि वैरी असे चौघं बसले आहात, दरोडेखोर येतात आणि बळी द्यायला एक जण मागतात. वैऱ्याला न्या म्हणणारा नापास, हे उघड आहे. पण ‘मला न्या’ म्हणणाराही नापास. चौघांपैकी कोणालाच द्यावंसं न वाटणं म्हणजे भेद मिटला. सेवेच्या नावाखाली स्वतःची झोप, पगार आणि पाठ घालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे जरूर वाचावं.

नुसतं वाचून बसण्यापेक्षा शिकून घ्यायचं असेल तर कामठी रोडवरच्या नागलोक या बौद्ध केंद्रात हीच पाच टप्प्यांची पद्धत शिकवतात. माहुरझरीचं ‘धम्म नाग’ हे विपश्यना केंद्र आहे. तिथे दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस आनापान (श्वासावर लक्ष), चौथ्या दिवशी विपश्यना (शरीरातल्या संवेदना पाहणं) आणि मैत्री थेट दहाव्या दिवशी. शुल्क नाही. दोन्ही क्रम चालतात. फार चिडखोर माणसाने मात्र पाच टप्प्यांपासून सुरू करावं असं मला वाटतं, नऊ दिवस गप्प बसणं त्याला आधी झेपत नाही.

आता दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर आणि अशोक विजयादशमी (दसरा) या दोन्ही दिवशी लोक येतात, विजयादशमीला अधिक. भोजनदान करायचं म्हणता, तर आलूभात किंवा खिचडी बरी: सोबत भाजी लागत नाही, लहान-म्हातारे सगळे खातात. माणशी १०० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम डाळ धरा, म्हणजे ५०० माणसांना ५० किलो तांदूळ, १५ किलो डाळ. तिखट कमी ठेवा, उपाशीपोटी प्रवास करून आलेल्यांना ते बाधतं. सगळं एकदम शिजवू नका. तीन घाण्यांत करा, कारण शिजलेला भात कोमट राहिला की त्यातले जंतू वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. वाफ निघते आहे तोवर वाढा, दोन तासांत संपवा, जुन्या उरलेल्यावर नवीन घाणा ओतू नका. दही, ओल्या नारळाची चटणी आणि रात्री केलेली बटाट्याची भाजी नकोच. स्टॉलची जागा आणि परवानगी यांची महापालिका व पोलिसांकडे आधीच विचारणा करा.

मात्र एक हिशेब आधी करा. मुख्य रस्त्यांवर भोजनदानाचे स्टॉल एकमेकांना लागून असतात, दुपारपर्यंत लोकांचं पोट भरलेलं असतं आणि अर्धवट पत्रावळ्या फुटपाथवर पडतात. तुमचा पन्नासावा स्टॉल कोणाला हवा आहे? पहाटे उतरणाऱ्यांना आणि रात्री परतीची गाडी पकडणाऱ्यांना खायला मिळत नाही, तेव्हा उभे राहा. बायका तहान लागूनही पाणी पीत नाहीत, कारण शौचालय कुठे आहे ते माहीत नसतं आणि रांग मोठी असते. पाण्याच्या कॅनजवळ ‘महिलांसाठी शौचालय: इकडे, चालत ५ मिनिटं’ असा बाणाचा बोर्ड लावा, आदल्या दिवशी स्वतः चालून वेळ मोजा. २० लिटरच्या कॅनमध्ये २०० मिलिलिटरचे १०० ग्लास होतात, त्यावरून कॅन ठरवा.

ओआरएसच्या (मीठ-साखरेच्या) पुड्या ठेवणार असाल तर वाटणाऱ्या प्रत्येक पोट्ट्याला पुडीवरचं प्रमाण वाचायला लावा. मोठी पुडी पूर्ण एक लिटरची असते, छोटी २०० मिलिलिटरची. मोठी पुडी एका ग्लासात घोळून देणं धोक्याचं, विशेषतः लहान मुलाला. त्यातलं मीठ फार दाट होतं आणि शरीरातलं पाणी उलट कमी पडतं. पुडी नसली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कोणी चक्कर येऊन बेशुद्ध पडलं तर गर्दीतले चार जण तोंडात पाणी ओतायला धावतील. ओतू देऊ नका, ते श्वासनलिकेत जातं. सावलीत कुशीवर झोपवा, कपडे सैल करा, अंग गरम असेल तर ओल्या कपड्याने पुसून वारा घाला, रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.

स्टॉलचा खर्च झेपत नसेल तर राहाटे कॉलनी चौकात किंवा रेल्वे स्टेशनबाहेर दोघं मित्र उभे राहा. म्हाताऱ्या माणसांना बसचा बोर्ड वाचून दाखवायचा, हरवलेल्या मुलाच्या खिशात कागदावर पालकांचा नंबर आहे का ते पाहून फोन लावायचा. नंबर नसेल तर मुलाला घेऊन स्वतः शोधत फिरू नका, तिथून हलू नका. एकाने मुलाजवळ थांबायचं आणि दुसऱ्याने पोलीस मदत केंद्रावर जाऊन माइकवरून पुकारा करवायचा.