पेज खाऊन जा

प्रिय मुली,

काल राजाराम तलावावर तू विचारलंस, "ताई, कोकण किनाऱ्याने रेडीपासून रेवसपर्यंत एकटी पळत गेले तर वाटेत लोक मदत करतील का?" मी नुसतं "करतील की" म्हटलं आणि गाडीची किल्ली शोधायला लागले. घरी आल्यावर ते उत्तर फार अपुरं वाटलं, म्हणून हे लिहायला बसले. लोक मदत करतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती घ्यायला मात्र शिकावं लागतं, आणि मी त्या किनाऱ्याने पळाले तेव्हा मला ते येत नव्हतं.

आपण कोल्हापूरची माणसं. दारात आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण दुसऱ्याच्या दारात उभं राहून "पाणी मिळेल का?" म्हणायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते. तुझंही तसंच असणार, कारण परवा बूट फाटला तरी तू कुणाला सांगितलं नाहीस.

आधी तुझी स्वतःची तयारी. जे घरी बसून कळू शकतं त्यासाठी लोकांना त्रास द्यायचा नाही. या किनाऱ्यावर आखलेली, खुणा केलेली सलग वाट नाही. पुळण म्हणजे वाळूचा किनारा, सडा म्हणजे वरचं खडकाळ पठार, पाखाड्या म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या वाटा आणि मध्येच सागरी महामार्गाचं डांबर, असं जोडत जोडत जायचं आहे. त्यामुळे पहिली गोष्ट म्हणजे तिथी बघायला शीक. कोकणात तिथीची पाऊणपट करतात, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि सहा तासांनी, नऊच्या सुमारास ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. हिशेब अंदाजाचा आहे, थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून गावात गेल्यावर मच्छीमारांना विचारून खात्री करायचीच. पण द्वितीयेला निघालीस तर पहिले चार दिवस सकाळी साडेसात ते दहाच्या दरम्यान ओली, घट्ट वाळू मिळेल. भरतीत उरते ती वरची भुसभुशीत वाळू, आणि तिच्यातला एक किलोमीटर रस्त्यावरच्या दोनाएवढा दमवतो.

अजून एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. तू दक्षिणेकडून उत्तरेला जाणार, म्हणजे समुद्र कायम डाव्या हाताला. पुळणीला पाण्याकडे उतार असतो, त्यामुळे डावा पाय सतत खाली पडतो. चौथ्या दिवशी माझा डावा गुडघा बाहेरच्या बाजूने असा धरला की पाखाडी उतरताना मी उलटी चालत होते. तेव्हा रोज थोडं अंतर मुद्दाम डांबरावर काढ. आणि आत्तापासून आठवड्यातून एकदा उसाचा फड तुटलेल्या रानात पळ. आपल्या भागात वाळू नाही, पण ती ढेकळं घोट्याला चांगली तयार करतात.

घामाचंही तसंच. आपल्याकडे हिवाळ्यात घाम वाळतो, तिथे जानेवारीतही अंगावरच राहतो. नुसतं पाणी ढोसत राहिलीस तर अंगातलं मीठ कमी होऊन चक्कर येईल. मीठ-साखरेच्या पुड्या कमरेच्या पिशवीत हव्यात.

मोठ्या खाड्यांवर फेरीबोट आहे: जयगडहून तवसाळ, धोपाव्याहून दाभोळ, वेसवीहून बागमांडला, दिघीहून आगरदांडा. शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या मुक्कामाला विचारून घे. बाकीच्या बहुतेक ठिकाणी पूल आहेत, पण वळसा पडतो. त्या वळशाचा कंटाळा करू नकोस. मी केला होता.

पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी एका लहान खाडीच्या तोंडाशी पोचले. पलीकडचा काठ इतका जवळ की तिथे वाळत घातलेली जाळी दिसत होती. अलीकडे चार घरं होती, ओट्यावर माणसं बसली होती. त्यांना एक शब्द विचारला असता तर पुरे होतं. मी बूट गळ्यात अडकवले आणि सरळ पाण्यात उतरले. मांडीपर्यंत पाणी आलं तेव्हा पायाखालची वाळू सरकायला लागली. मागून एक म्हातारा शिव्या घालत पाण्यात आला, दंडाला धरून मला ओढत काठावर घेऊन गेला. भरती चढत होती. त्याच्या हाताची पकड मला अजून आठवते, खरखरीत, दोरासारखी.

रात्री त्यांच्याच घरी झोपले. सकाळी आजीने उकड्या तांदळाची पेज पुढे ठेवली, वाफाळती, वर मीठ आणि बाजूला लोणच्याची एक फोड. "पेज खाऊन जा गो." दोन वाट्या प्याले आणि निघताना शंभराची नोट चटईखाली सरकवायला गेले. तिने पाहिलं. "माजा काय हाटेल आसा?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. निरोप द्यायला बाहेर आली नाही. आपलं काय चुकलं हे मला दोन दिवस कळलं नाही, उलट थोडा रागच आला होता.

मग एका पुळणीवर रापण ओढत होते. दोन्ही टोकांना माणसांची रांग, मध्ये समुद्रात जाळ्याचा अर्धगोल. मी थांबून बघत होते तर एक बाई म्हणाली, "बघत काय रवलंस? हात लाव." पाऊण तास दोर ओढला, तळहात सोलपटले. जाळं वर आलं तेव्हा ओढणाऱ्या सगळ्यांबरोबर माझाही मासळीचा वाटा काढला. पळणाऱ्या बाईला त्या मासळीचं काय करायचं! पण मी तो घेतला आणि रात्री जिथे राहिले त्या घरी दिला. त्या दिवशी पहिल्यांदा कुणाकडून काही घेताना मान खाली गेली नाही.

आजीचं वागणं मात्र खरं कळलं ते 2019 च्या ऑगस्टमध्ये. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली होती आणि आमच्या गल्लीतल्या बायका शाळेत आलेल्या पूरग्रस्तांसाठी भाकऱ्या थापत होत्या. ओल्या पदराची एक बाई माझ्या हातून भाकरी घेताना म्हणाली, "ह्याचे किती द्यायचे?" मला एकदम वाईट वाटलं. तिच्या गरजेपोटी ती बोलली, तरी वाईट वाटलं.

तेव्हा पैसे विचारायचे ते जिथे राहण्या-जेवणाचा धंदा आहे तिथे, आणि तिथे घासाघीस न करता पुरते द्यायचे. घरात मिळालेल्या जेवणाचं मोल काढायचं नाही. विहिरीचं पाणी शेंदून दे, भांडी घास, पोरांबरोबर बस.

एकटी मुलगी म्हणून दोन गोष्टी कडक पाळ. पाच वाजायच्या आत मुक्कामाची जागा ठरलेली असली पाहिजे, अंधार पडल्यावर विचारणं म्हणजे समोरच्यालाही संकटात टाकणं. आणि विचारायचं ते बायका दिसतील त्या घरी, नाहीतर अंगणवाडीत, सरपंच किंवा पोलीस पाटलाकडे. मनाला खटकलं तर तिथून निघायचं, कुणी कितीही चांगलं बोललं तरी. कारण सांगायची गरज नाही. रोज रात्री घरी फोन, आणि 112 हा नंबर पाठ. कुणाच्या भलेपणावर तुझा जीव अवलंबून राहील अशी वेळ आणू नकोस, माझ्यावर आली तशी.

सराव आत्तापासून कर. मसाई पठारावर जाशील तेव्हा करपेवाडीत एका घरी थांबून पाणी माग. बाटली भरलेली असली तरी माग.

निघायच्या आदल्या दिवशी घरी ये. त्या आजीच्या वाडीचं नाव आणि घराची खूण मागच्या पानावर लिहिली आहे. आजी असेल-नसेल, सून तरी भेटेल. तिच्यासाठी अर्धा किलो गूळ बांधून ठेवते, तेवढं वजन ने माझ्यासाठी. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळ, तिथल्या हवेत पाघळतो.

तुझी,
ताई