दहावीला बसतोयस ना, मग हे ऐक

घरात ‘आता पिक्चर बंद’ असं फर्मान निघालं असेल, तर आईशी हुज्जत घालू नकोस. रविवारचा एक पिक्चर मागून घे आणि तो सगळ्यांसोबत बघ. एकट्याने मोबाईलवर बघितलास की एकाचे तीन कधी होतात कळत नाही. धाकटी बहीण बरोबर असेल तर तिकीट काढण्याआधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट बघ. यूएमध्ये (म्हणजे मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीत बघायचा पिक्चर) आता वयाचे ७+, १३+, १६+ असे गट असतात. माझ्या मते, बघताना कुणालाही मध्येच पाणी आणायला उठावं लागत नाही, तो खरा घरचा पिक्चर. (दादरच्या प्लाझा थिएटरला जाणार असशील तर नंतरच्या वड्याचे पैसेही माग.)

आता अभ्यास. पैसे भरून कुठलं अ‍ॅप घेण्याआधी बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवर स्कॅन कर, धड्याचे व्हिडिओ तिथे मिळतात. पुस्तकांच्या पीडीएफही ई-बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतात. त्या घरीच उतरवून ठेव, लोकलमध्ये नेटचा भरवसा नाही. विरार फास्टमध्ये तर गर्दीत फोन काढायचीच सोय नसते, तो नाद सोड.

व्हिडिओत सगळं सोपं वाटतं, तिथेच गोची आहे. भिंगाचं गणित घे. सर सोडवतात, आपण माना डोलवतो. वहीत करायला बसलो की वस्तूचं अंतर ऋण घ्यायचं हेच विसरतो आणि प्रतिमा भलतीकडेच जाते. म्हणून गणित दिसलं की व्हिडिओ थांबव, आधी स्वतः सोडव, मग पुढे बघ. चॅटबॉटला विचारलंस तरी उत्तर पुस्तकाशी ताडून बघ. तो चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतो.