कार्बुरेटरची जुनी मारुती 800 घेऊन पुण्याहून एकट्याने लेहला जाता येईल का?

जाता येईल, पण जाताना श्रीनगर-कारगिलवरून जा आणि मनालीवरून परत या. त्या बाजूने उंची हळूहळू वाढते: झोजी ला (ला म्हणजे खिंड) साधारण 3,500 मीटर, फोटू ला 4,100. मनालीकडून गेलात तर बारालाचा (4,890) आणि तांगलांग ला (सुमारे 5,300) एक-दोन दिवसांतच अंगावर येतात. एकट्याचं डोकं ठणकायला लागलं तर स्टेअरिंग घ्यायला दुसरं कुणी नसतं. दिल्ली परिसरात 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत, म्हणून उदयपूर, बिकानेर, भटिंडा असे वर सरका.

फॅन बेल्ट, क्लच केबल, अ‍ॅक्सिलरेटर केबल, रेडिएटरचे होज, एसी पंप (टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढणारा) हे सगळं निघण्याच्या महिनाभर आधी नवं बसवा आणि काढलेले चालू भाग डिकीत ठेवा. उलटं करू नका. नवा भागही सदोष निघू शकतो, ते महिनाभरात घराजवळच कळलेलं बरं. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते आठवत नसेल तर बदलाच.

खरा त्रास उंचीवर. 5,300 मीटरवर हवेचा दाब निम्म्यावर येतो. हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बुरेटर मात्र पेट्रोल त्या मानाने कमी करत नाही, त्यामुळे मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, प्लग काळे पडतात, गाडी ओढत नाही. तिन्ही प्लग काढून साफ करा, गॅप तपासा. एअर फिल्टर काढून चालवायचा सल्ला मिळेल, ऐकू नका. तिथली बारीक धूळ सिलिंडर खाते. चढ पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लच न करता.

पाणीही तिथे 83 अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटर कॅपचं रबर कडक झालं असेल तर दाब टिकत नाही आणि पाणी बाहेर येतं. कॅप नवी घ्या. रेडिएटरच्या पंख्याला केबिनमधून थेट चालू करायचा स्विच, फ्यूज घालून, बसवून घ्या. तापमानाचा काटा चढला की हीटर पूर्ण चालू करा, गरम इंजिनाची कॅप उघडू नका.

गाडी थांबली आणि पुन्हा सुरूच होईना, तर बहुधा एसी पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा, वीस मिनिटं थांबा. सेल्फ मारत राहिलात तर बॅटरीही जाईल.

धक्का मारायला कुणी नाही, म्हणून रोज रात्री गाडी उताराकडे तोंड करून लावा, चाकाला दगड लावून. सकाळी दगड काढा, दुसरा गिअर, क्लच सोडा.

परतताना लेहजवळच्या कारूला टाकी भरली की पुढचा भरवशाचा पेट्रोल पंप लाहौलमधल्या तांदीला, सव्वातीनशे किलोमीटरवर. घाटात 12 चं अ‍ॅव्हरेज धरा आणि 10 लिटर लोखंडी कॅनमध्ये जास्तीचं घ्या. कॅन काठोकाठ भरू नका, उंचीवर तो फुगतो. नाले सकाळी ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. मोबाइल पोस्टपेड हवा, बाहेरच्या राज्याचं प्रीपेड तिथे चालत नाही.