सक्ती आणि आसक्ती: मर्ढेकरांचं पिंप, बेकेटचे डबे

धुळ्याच्या एका ताईंनी विचारलंय, 'आसक्ती' हा 'सक्ती'चा विरुद्धार्थी शब्द आहे का? त्यांना एम.ए.ला मर्ढेकरांची 'पिपांत मेले ओल्या उंदिर' ही कविता आणि आयरिश नाटककार सॅम्युअल बेकेटचं 'एंडगेम' हे नाटक दोन्ही आहेत, आणि मर्ढेकरांच्या त्या कवितेत हे दोन्ही शब्द येतात म्हणून शंका आली. प्रश्न मला फार आवडला, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

आधी सरळ उत्तर. नाही, दोघांचं काही नातं नाही. आसक्ती संस्कृत, 'सञ्ज्' म्हणजे चिकटणे या धातूपासून, संग, प्रसंग, आसक्त हे सगळे त्याच घरातले. आणि त्यातला 'आ' नकाराचा नाहीच, नकार असतो तो 'अ' किंवा 'अन्', म्हणून तर अनासक्ती. सक्ती मात्र फारसी. सख्त म्हणजे कठीण, त्यावरून सख्ती, आणि मराठीत येताना ख चा क झाला, जसा तख्त्याचा तक्ता झाला तसाच. हिंदीत सख्ती म्हणजे कडकपणा एवढंच राहिलं, आपण त्याला जबरदस्तीचा अर्थ दिला. सक्तमजुरी, सक्त ताकीद यांत जुना कडकपणा अजून आहे, सक्तीची वसुली म्हटलं की तिथे जबरदस्ती आली.

पण ताई, तुमच्या कानाला जे ऐकू आलं ते खोटं नाही. मर्ढेकर आपल्या फैजपूरला जन्मलेले, ही कविता १९४७ च्या 'काही कविता'मधली, आणि त्यांनी हे दोन शब्द एकाच कवितेत ठेवलेत. आधी 'माना पडल्या, आसक्तीविण' आणि पुढे 'जगायची पण सक्ती आहे. मरायची पण सक्ती आहे'. मूळ वेगळं असलं तरी कवितेत ते एकमेकांकडे बघतात. ओढ संपली की मागे उरते ती सक्ती, असं मी तरी वाचतो.

आमच्या सावद्याच्या घरी मोरीजवळ पत्र्याचं पिंप होतं. रात्री झाकण तिरकं राहिलं की सकाळी आत उंदीर तरंगताना दिसायचा, मान एका अंगाला पडलेली, कोणी हातसुद्धा लावलेला नसायचा. आई पाणी ओतून द्यायची तेव्हा आतल्या ओल्या गंजावर नखांच्या बारीक बारीक रेघा दिसायच्या, वरपर्यंत गेलेल्या आणि मग थांबलेल्या. कवितेतल्या 'माना पडल्या, मुरगळल्याविण' या ओळीतला 'मुरगळल्याविण' हा शब्द मला त्या रेघांमुळे कळला. (आणि 'ओल्या' हे उंदराचं विशेषण नाही बरं का, ते पिंपाचं आहे, ओल्या पिपांत. उंदरांचं असतं तर 'ओले उंदीर' झालं असतं, बरेच जण इथे फसतात.)

आता बेकेट. 'एंडगेम' १९५७ साली रंगमंचावर आलं, मर्ढेकर १९५६ लाच गेले, म्हणजे तिकडून घेतलं म्हणायची सोय नाही. तरी बघा, नाटकातला मालक हॅम, त्याचे म्हातारे आईबाप नॅग आणि नेल कचऱ्याच्या दोन डब्यांत राहतात आणि स्वयंपाकघरात हॅमचा नोकर क्लोव्ह याला एक उंदीर सापडतो, त्याला तो अर्धवट मारून येतो. पुढे क्लोव्ह म्हणतो की मी त्या उंदराला मारलं नाही तर तो मरेल. हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. मारलं नाही तरी मरणारच, मुरगळल्याविण.

पण पेपरात लिहायचं तर सारखेपणापेक्षा हा फरक लिहा, माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे. मर्ढेकरांच्या पिंपात 'ओठांवरती ओठ मिळाले', पण आसक्ती नाही. बेकेटच्या डब्यांत उलटं, नॅग नेलला म्हणतो माझा मुका घे, दोघं डब्यातून माना ताणतात, आणि ओठ पोचतच नाहीत. रोज रोज हे सोंग कशाला, असं नेलच मग विचारते. म्हणजे एकीकडे ओठ आहेत आणि ओढ नाही, दुसरीकडे ओढ शिल्लक आहे पण ओठ लागत नाहीत. मग नेल मेल्यासारखी वाटते, नॅग काय करतोय असं हॅम विचारतो, क्लोव्ह म्हणतो रडतोय, तर हॅम म्हणतो मग जिवंत आहे. तिथे अजून कोणी कोणासाठी रडतं तरी, मर्ढेकरांचे उंदीर मात्र 'पिपांत मेले उचकी देउन', नुसती उचकी.

बेकेटच्या बाकी नाटकांतही सक्ती आहेच, 'हॅपी डेज'मध्ये विनी मातीत कमरेपर्यंत आणि नंतर गळ्यापर्यंत गाडलेली आणि घंटा वाजली की तिने जागं व्हायचं, 'वेटिंग फॉर गोदो'मध्ये गळ्यात दोर असलेल्या लकी नावाच्या नोकराला विचार कर म्हणून हुकूम सोडतात.

आणि शेवटचं, मर्ढेकरांच्या त्या सक्तीच्या ओळींतला 'पण' हा 'परंतु'वाला नाही. 'मी पण येतो'मधला आहे, अहिराणीत आपण 'बी' म्हणतो तो. जगायची बी सक्ती, मरायची बी सक्ती. दोन्ही ओळी मिळूनच अर्थ पुरा होतो. 'गोदो'मध्ये वाट बघत बसलेल्या दोघांना मात्र झाडाला लटकायचं म्हटलं तरी कमरेची दोरीच तुटते, मरायची सक्ती त्यांच्यावर कोणी करत नाही, त्यांच्या वाट्याला फक्त पहिली ओळ आलीय.